दप्तरात कोयता सापडला त्या दिवशी शाळेत दोनदा पोलीस आले

जानेवारीतला सोमवार. मधली सुट्टी संपायला पाच-सात मिनिटं होती आणि माझ्या नववीच्या वर्गातल्या दोन मुली स्टाफरूमच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, बोलेनात. शेवटी एकीनं धीर केला, "मॅडम, मागच्या बाकावरच्याच्या दप्तरात कोयता हाय, मघाशी बाथरूममध्ये घेऊन गेलता, व्हिडिओ काढायला." मी वर्गात गेले, दप्तर उघडलं, खेळायच्या शॉर्टमध्ये गुंडाळलेला कोयता निघाला, ऊस तोडायला वापरतात तसला, मुठीला नवी काळी चिकटपट्टी. हात थरथरत होता माझा. तशीच व्हरांड्यात आले आणि ११२ लावला.

पहिली चूक इथंच झाली आणि ती माझी होती, म्हणून आधी सांगून टाकते. आमच्या सूचना फलकावर एक नंबर ऑगस्टपासून लावलेला होता, मीच माझ्या हातानं चिकटवलेला, आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांचा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असतो, सहायक उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरच्या हुद्द्याचा, मुलांशी कसं वागायचं याचं ट्रेनिंग घेतलेला. त्यांच्यावर जिल्ह्याचं विशेष बाल पोलीस पथक असतं. हे सगळं मला माहीत होतं, शिक्षकांच्या बैठकीत मी ते वाचूनही दाखवलं होतं. पण कोयता डोळ्यासमोर असताना डोक्यात फक्त ११२ आलं. कोणी जखमी झालं असतं, मुलगा हत्यार घेऊन अंगावर धावत असता, तर ११२ च लावायला पाहिजे होता. इथं कोयता माझ्या कपाटात बंद होता आणि मुलगा बाकावर मान खाली घालून बसला होता.

शहर कोल्हापूर, एवढंच सांगते. मुलाचं, शाळेचं, ठाण्याचं नाव देणार नाही. कायद्यातल्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करताच येत नाही, आणि कलम नसतं तरी मी केली नसती. ओळख पटू नये म्हणून काही बारीक गोष्टी बदलल्यात. मुलाला आपण गोली म्हणू, कारण गल्लीच्या फुटबॉल टीममध्ये तो गोलीला, म्हणजे गोलकीपर म्हणून, उभा राहायचा. वय चौदा वर्षं आणि काही महिने.

पहिले पोलीस दहा मिनिटांत आले, मोटारसायकलवरून दोघं, पाठोपाठ गाडी. त्यांना मी दोष देत नाही, "शाळेत मुलाकडं हत्यार आहे" असा कॉल गेल्यावर ते जसे यायला पाहिजेत तसेच आले, खाकीत, काठी घेऊन, घाईत. एकानं गोलीच्या दंडाला धरलं, "चल रं, बस गाडीत." आमचे हेडसर ऑफिसच्या पायरीवर उभे होते, म्हणाले, "न्या साहेब, आम्हाला नको असली पोरं." वर्गापासून गेटपर्यंत अख्खं मैदान आडवं जातं, दोनशे पावलं तरी असतील, आणि तीन मजल्यांच्या सगळ्या खिडक्यांत पोरं. गोली रडत नव्हता. मैदानाच्या मध्यावर त्याच्या एका पायातली चप्पल निसटली, ती घ्यायला तो वाकला तर हवालदारांना वाटलं पळतोय, त्यांनी त्याला ओढलं, आणि तो एका पायात चप्पल घालून गाडीपर्यंत गेला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ते शूट केलं. संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर फिरत होतं.

चप्पल मी उचलून आणली आणि माझ्या टेबलाखाली ठेवली.

दुसऱ्यांदा पोलीस आले ते दुपारी चारला. फलकावर ज्यांचा नंबर होता त्याच बाल कल्याण पोलीस अधिकारी, एकट्या बाई, पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी. पोरं त्यांना पोलीस दीदी म्हणतात, आम्ही नुसतं ताई. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा कुठलंच प्रकरण नव्हतं, हेडसरांना वाटलं भाषण देणार, तर त्या मैदानात मुलींच्या घोळक्यात बसल्या आणि मोबाईलवर अनोळखी माणसानं फोटो मागितला तर काय करायचं, केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, स्टॉपवर कुणी रोज पाठलाग करत असेल तर कुणाला सांगायचं, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि ११२ मध्ये फरक काय, असलं बोलत राहिल्या. नंतर आणखी दोनदा आल्या. त्यातून आठवीतल्या एका मुलीनं त्यांना खरंच फोन केला होता आणि स्टॉपवरचा तो माणूस परत दिसला नाही. त्या सोमवारी ज्या दोघी माझ्याकडं आल्या त्यांना मी नंतर विचारलं, भीती नाही वाटली का गं, तर म्हणाल्या, दीदींनी सांगितलेलं की सांगणाऱ्याचं नाव कुणाला कळत नाही. म्हणजे कोयता सापडला तो सीसीटीव्हीमुळं नाही आणि दप्तर तपासणीमुळं पण नाही. सहा महिने आधी एक बाई कारण नसताना येऊन बसल्या होत्या म्हणून सापडला.

ताईंनी ठाण्यात गोलीला आपल्याकडं घेतलं होतं, कोठडीत नाही, त्यांच्या टेबलाजवळ खुर्चीवर, आईला बोलावून. मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, चौकशी करणाऱ्यानं शक्यतो गणवेशात नसावं, हे सगळं कायद्यात आणि नियमांत लिहिलेलं आहे. आणि मला तोपर्यंत नीट माहीत नसलेली गोष्ट त्यांनी सांगितली, की कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असलेले गुन्हे मुलांच्या बाबतीत किरकोळ धरतात, तिथं एफआयआर नोंदवायचा नसतो, स्टेशन डायरीत नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल लिहायचा आणि बाल न्याय मंडळाकडं पाठवायचा. मुलाला ताब्यात घ्यायचा अधिकार मुख्यतः घोर गुन्ह्यांसाठी आहे. थोडक्यात त्या मैदानातून त्याला तसं न्यायची गरजच नव्हती. ताई हे आवाज न चढवता बोलल्या, पण हवालदारांशी त्या ठाण्यात बोलल्या असणार, कारण नंतर त्यातले एकजण शाळेसमोरून जाताना थांबून मला विचारून गेले, पोरगं कसं आहे.

मग ऑफिसात हेडसर आणि ताई यांचं जे बोलणं झालं ते या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे असं मला वाटतं, म्हणून आठवतंय तितकं लिहिते.

हेडसरांना दोन गोष्टी पाहिजे होत्या, गुन्हा नोंद आणि मुलाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला. त्यांचा हिशोब कायद्याला धरूनच होता, शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, गोली नववीत, म्हणजे हात मोकळे. शिवाय बदलापूरच्या २०२४ च्या प्रकरणानंतर शाळांवर सुरक्षेचं केवढं दडपण आलंय ते आम्ही सगळे बघतोय, सीसीटीव्ही, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती, रोज एक माहिती भरून द्या. हेडसर वाईट माणूस नाहीत, ते घाबरलेले होते. "उद्या कुणाला लागलं असतं तर वर्तमानपत्रात कुणाचं नाव आलं असतं ताई? माझं."

ताई म्हणाल्या, "सर, कोयता माझा. तो कुठनं आला, कुणी दिला, कुणावर उगारणार होता, ते सगळं माझं काम, मी करते. पण हा पोरगा उशिरा येतो, मोबाईल आणतो, डिसेंबरात मारामारी केली, हे तुम्ही मला का सांगालाय? ते तुमचं आहे. तुमच्या शिस्तीचं काम माझ्या खाकीकडून करून घेतलं तर पोरं मला परत काही सांगणार नाहीत, आणि पुढच्या वेळी कोयता तुम्हाला दप्तरात सापडणार नाही, थेट सीपीआर दवाखान्यात सापडेल."

हेडसर गप्प झाले. पटलं म्हणून नाही, पण गप्प झाले. दाखल्याचा विषय शालेय समितीच्या बैठकीपर्यंत पुढं गेला.

आता कोयता कुठनं आला. ताईंनी चार दिवस संध्याकाळी फिरून हे काढलं. गोलीच्या वर्गातल्या चार मित्रांना ठाण्यात बोलावलं असतं तर अर्ध्या तासात काम झालं असतं, पण पंधरा वर्षांखालच्या मुलाला साक्षीदार म्हणून ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, आधीच्या फौजदारी संहितेत होतं तेच आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे, त्याच्या घरीच जाऊन विचारायचं. त्या गेल्या. एका घरी मी बरोबर होते, आजी आधी दारच उघडेना, पोलीस म्हटल्यावर. ताई उंबऱ्यावरच बसल्या, आजीच्या गुडघ्याची चौकशी केली, पंधरा-वीस मिनिटं गेली, मग पोरगं आपणहून बाहेर आलं.

निघालं ते असं. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही, शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमची मॅच असली की घराघरात दोन दिवस तोच विषय, आणि मोठ्यांच्या टीमचं बघून लहान पोरांच्या पण गल्लीगल्लीच्या टीम. डिसेंबरातल्या एका मॅचनंतर वरच्या गल्लीतल्या दहावीच्या मुलांनी गोलीला गाठून मारलं होतं. आमच्या नोंदीत ती "मारामारी" म्हणून आहे, दोन्हीकडच्यांना शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि ते मीच केलं होतं. त्यानंतर स्टेटसचं युद्ध. यांनी एक टाकायचं, त्यांनी त्यावर दुसरं. आपल्या शहरात स्टेटस ही किरकोळ गोष्ट राहिलेली नाही, जून २०२३ मध्ये स्टेटसवरूनच तणाव पेटला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, पोलीस तेव्हापासून पोरांच्या स्टेटसकडं फार बारकाईनं बघतात आणि त्यांना बघावंच लागतं. इथं धर्माचा काही संबंध नव्हता, नुसती गल्ली विरुद्ध गल्ली, पण भाषा तीच, बघून घेतो, नाद करायचा नाही, उद्या समोर ये.

यात शिरला बावीस वर्षांचा एक तरुण. गोलीच्याच गल्लीतला, पोरं त्याला दादा म्हणतात, मोबाईलवर अकाउंट चालवतो, हत्यारं दाखवायचे रील. त्यानं गोलीला कोयता दिला, शाळेच्या ड्रेसवर रील काढ, लई व्ह्यूज येतील, आणि शाळेत कोण तपासतंय. वर हेही सांगितलं की बारक्या पोरांवर केस होत नसती. ताई म्हणाल्या, यांना कायदा अर्धाच माहीत असतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये लिहिलंय की मोठ्या माणसानं मुलाला बेकायदा कामासाठी वापरलं तर त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. ऊसतोडीचा कोयता शेतात किंवा घरात असणं गुन्हा नाही, तो मुलाच्या दप्तरात घालून शाळेत पाठवणं ही वेगळी गोष्ट. गुन्हा नोंद झाला तो या दादावर. अकाउंट बंद झालं. वरच्या गल्लीतल्या दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या वडलांना ताईंनी तालमीच्या कट्ट्यावर मंडळाच्या जुन्या लोकांसमोर बसवलं, आणि त्या बैठकीचा जितका उपयोग झाला तितका ठाण्यात बोलावून झाला नसता असं मला अजून वाटतं, कारण पोरांना पोलिसांपेक्षा मंडळातनं बाहेर काढतील याची भीती जास्त होती.

गोलीनं ताईंना एक वाक्य सांगितलं ते त्यांनी अहवालात जसंच्या तसं लिहिलं. मारायला नव्हता आणला, घरी जाताना हातात काहीतरी असावं म्हणून हो म्हणालो. डिसेंबरपासून तो घरी जायचा रस्ता बदलून लांबून जात होता. मी त्याची वर्गशिक्षिका, मला ते दिसलं नव्हतं.

घरची परिस्थिती म्हणाल तर वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला, दुसरी पाळी, रात्री साडेबाराला घरी. आई मेसला भाकरी थापायला जाते. आईनं ठाण्यात एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली, भरतीला अडचण येईल का. गोलीला मिलिटरीत जायचंय, टीए, म्हणजे प्रादेशिक सेनेच्या, बटालियनच्या भरतीला बाहेरगावची पोरं रस्त्याकडेला झोपलेली त्यानं लहानपणापासून बघितलीत. ताईंनी तिला कलम २४ दाखवलं, मंडळासमोर आलेल्या मुलाला पुढं त्यामुळं कशातही अपात्र ठरवता येत नाही आणि ठराविक मुदतीनंतर रेकॉर्डही नष्ट करतात, अपवाद फक्त सोळा वर्षांपुढचं मूल घोर गुन्ह्यात मोठ्यांसारखं चालवलं गेलं तर. वाचता येत होतं तरी तिनं ते ताईंकडून तीनदा वाचून घेतलं, मग रडली. तोवर रडली नव्हती.

बाल न्याय मंडळात फार काही झालं नाही. समज दिली, समुपदेशनाला जायला सांगितलं, काही तास समाजसेवा. दोन तारखा.

शाळेतलं मात्र लांबलं. समितीच्या बैठकीत दाखला द्यायचा नाही असं एका मताच्या फरकानं ठरलं, फक्त एका. ताईंनी तिथं यायला नकार दिला, म्हणाल्या हा निर्णय तुमचा, मी आले तर तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून मत द्याल. मला तेव्हा राग आला होता त्यांचा. आता वाटतं बरोबर केलं.

दाखला टळला तरी गोली शाळेत यायला तयार नव्हता. कोयत्याची लाज नव्हती त्याला, तो व्हिडिओ होता, एका पायात चप्पल. तीन आठवडे आला नाही. ताईंनी ग्रुपच्या अ‍ॅडमिनना एकेक करून फोन केले, मुलाची ओळख दिसेल असं काही फिरवणं गुन्हा आहे, डिलीट करा, पुढं पाठवलेलंही परत घ्या, बऱ्याच लोकांनी केलं, पण फिरलेलं सगळं कुठं परत येतं. शेवटी आमचे पीटीचे सर त्याच्या घरी गेले. काही समजावलं नाही, म्हणाले, शाळेच्या टीमला गोली नाही, सकाळी साडेसहाला ये, पोरं यायच्या आधी. तो आला. आठवडाभर नुसता सकाळी यायचा आणि प्रार्थनेच्या आधी घरी जायचा, मग एका दिवशी थांबला.

चप्पल मी त्याच्या आईकडं दिली होती. त्यानं परत कधी घातली नाही.

मधल्या काळात हेडसरांनी गेटवर कायमचा पोलीस मागायचा अर्ज तयार केला होता. त्यावर स्टाफरूममध्ये आमचं खूप वाजलं. अमेरिकेत ही पद्धत आहे, मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात १९५० च्या दशकात शाळेत पोलीस नेमायला सुरुवात झाली, आणि तिथल्या शाळेतल्या पोलिसांच्या संघटनेनं त्याची तीन कामं सांगितलीत, कायदा राखणं, शिकवणं आणि मुलाला आधार देणं. कागदावर तिन्ही छान. पण वर्गातल्या उद्धटपणासाठी पण तोच पोलीस बोलवायचा अशी सवय लागली आणि साध्या भांडणांची प्रकरणं कोर्टात गेली, हा तिथला मोठा वाद आहे. जून २०२० मध्ये मिनिआपोलिसच्या शाळा मंडळानं पोलिसांबरोबरचा करारच मोडला. आणि मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युव्हाल्डीला शाळांचं स्वतःचं पोलीस दल असून शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, वर्गाबाहेर पोलीस जमा होऊन आत शिरायला ७७ मिनिटं लागली. गेटवर माणूस उभा केला की शाळा सुरक्षित झाली असं मानायला मी तयार नाही. आपल्याकडं केरळनं २०१० मध्ये स्टुडंट पोलीस कॅडेट सुरू केलं, पोरांनाच कायदा शिकवायचा, २०१८ मध्ये ते देशभर घेतलं, ती वाट मला जास्त पटते. पण आमच्या शाळेला त्या सोमवारी कामी आला तो यातला कुठलाच कार्यक्रम नव्हता, ज्या बाईला पोरं ओळखत होती ती कामी आली.

अर्ज गेला नाही. त्याऐवजी दोन-चार साध्या गोष्टी झाल्या. पोलिसांना शाळेत बोलवायचं ते कधी, हे एका पानावर लिहून स्टाफरूममध्ये लावलं, हत्यार, नशा, लैंगिक त्रास, जिवाला धोका, एवढंच. त्यातल्या लैंगिक त्रासाबद्दल तर पर्यायच नाही, पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे आणि लपवलं तर शिक्षकालाही शिक्षा आहे. बाकी सगळं आमचं आम्ही निस्तरायचं. मुलाला न्यायची वेळ आलीच तर मागच्या दारानं, वर्ग सुरू असताना, एक शिक्षक बरोबर. गेटजवळची मावा विकणारी टपरी ताईंनी हलवली, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आम्ही सगळे ती टपरी रोज बघत होतो. आणि मारामारी झाली की दोघांना वर्गाबाहेर उभं करणं मी बंद केलं, आता आधी विचारते की घरी कुठल्या रस्त्यानं जातोस.

मार्चच्या शेवटी ताईंची बदली झाली. जाताना नव्या अधिकाऱ्यांचा नंबर देऊन गेल्या, त्यांना इकडची पोरं माहीत नाहीत आणि पोरांना ते. मी फोन केला, आवाज जरा कोरडा वाटला, पण येतो म्हणाले. १५ जूनला शाळा उघडते, पहिल्याच आठवड्यात यायचं ठरलंय. साध्या कपड्यात या असं मी दोनदा सांगितलं. काय प्रकरण आहे विचारत होते, म्हटलं काही नाही, नुसतं येऊन बसा.